माशांच्या खाद्यात यीस्ट: औषध, प्रथिन की नुसतीच पावडर?

गेल्या काही महिन्यांत वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत. खाद्यविक्रेता म्हणतो यीस्टची पावडर मिसळा, मासा लवकर वाढतो आणि मरतुक थांबते. घ्यावी का?" कोळंबीवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. "अँटिबायोटिक बंद केलं, आता त्याच्या जागी हे चालेल का?"

दोन्ही प्रश्नांचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. यीस्टमध्ये दम आहे, त्यावर चांगलं संशोधनही झालंय. पण बाजारात 'यीस्ट' या एकाच नावाखाली पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि एका वस्तूवर झालेल्या प्रयोगाचा दाखला दुसरीच्या पाकिटावर छापलेला असतो. म्हणून आधी हा विषय आत्ताच का तापलाय ते बघू, मग यीस्ट नेमकं काय करतं ते, आणि शेवटी हिशेब.

आत्ताच का?

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये एक मोठी गोष्ट घडली. पाळलेल्या जलचरांचं उत्पादन (९.४४ कोटी टन) पहिल्यांदाच समुद्र-नद्यांतून पकडलेल्या जलचरांपेक्षा (सुमारे ९.१ कोटी टन) जास्त झालं. म्हणजे आता जगाच्या ताटातला निम्म्याहून जास्त मासा कोणीतरी खाऊ घालून वाढवलेला आहे. खाऊ घालायचं म्हटलं की तीन प्रश्न येतात: काय घालायचं, कितीला पडतं, आणि मासा आजारी पडला तर काय करायचं.

पहिल्या दोन प्रश्नांचं जुनं उत्तर होतं फिशमील, म्हणजे बारीक मासळी वाळवून केलेली भुकटी. जगात ती सर्वात जास्त पेरूमध्ये बनते, अँचोव्ही माशापासून. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरूने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला मासेमारी हंगामच रद्द केला आणि फिशमीलचे भाव जगभर उसळले. आपल्याकडेही कोकण, गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आहेत. त्यांच्याकडे तारलीबरोबर इतर माशांची लहान पिल्लंही जातात, त्यावरून मच्छीमारांमध्येच वाद आहेत. थोडक्यात, माशाला मासाच खाऊ घालायचा हा मार्ग महागही आहे आणि फार लांब जाणाराही नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं जुनं उत्तर होतं अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविकं. ते दार आता झपाट्याने बंद होतंय. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासूनच बंदी घातली होती, पण ती त्यांच्या स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी होती. नवा नियम बाहेरून येणाऱ्या मालालाही लागू होतो आणि त्याची तारीख आहे ३ सप्टेंबर २०२६. वाढीसाठी प्रतिजैविक वापरलेलं नाही, आणि माणसांसाठी राखून ठेवलेली औषधंही वापरलेली नाहीत, याची हमी निर्यातदार देशाने द्यायची. भारतीय पाळीव कोळंबीवर युरोपची नजर आधीपासूनच कडक आहे. २०१६ मध्ये त्यांनी तपासणीसाठी उघडायच्या खेपांचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं.

भारतानेही पावलं उचलली आहेत. जुलै २०१९ मध्ये जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यपालनासाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली. मार्च २०२५ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सगळ्याच प्राण्यांसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान वर्गातल्या औषधांवर बंदी आली.

यात पैसा किती अडकलाय? २०२४-२५ मध्ये भारताने ६२,४०८ कोटी रुपयांचं सागरी अन्न निर्यात केलं. डॉलरमध्ये मोजलं तर त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा आंध्रच्या तलावांपासून आपल्या पालघर-रायगडपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट कळली, एकाच गिऱ्हाइकावर विसंबून चालत नाही. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे युरोप. आणि युरोपात जायचं तर औषधाशिवाय कोळंबी जगवता आली पाहिजे. यीस्टची पावडर विकणाऱ्यांचे फोन वाढलेत ते यामुळे.

एक यीस्ट, पाच वस्तू

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारी आणि बीअर-वाईन बनवणारी जात म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. माशांच्या खाद्यातही तीच जास्त वापरतात.

ही पेशी समजून घ्यायला नारळ डोळ्यासमोर आणा. बाहेर कडक करवंटी, आत खोबरं आणि पाणी. यीस्टची करवंटी म्हणजे तिची पेशीभित्तिका. ती मुख्यतः दोन प्रकारच्या साखळ्यांची बनलेली असते, बीटा-ग्लुकन आणि मॅनन. आतला गर म्हणजे प्रथिनं, ब जीवनसत्त्वं आणि न्यूक्लिओटाइड. आता बाजारातल्या वस्तू बघा:

• जिवंत यीस्ट: अख्खा, रुजू शकणारा नारळ. आतड्यात जाऊन काम करायचं ही अपेक्षा. याची ताकद दर ग्रॅममागे किती जिवंत पेशी, यावर मोजतात.

• मृत वाळवलेलं यीस्ट: अख्खा नारळ, पण रुजणार नाही. यात बीअर कारखान्यांतून उरलेलं यीस्टही येतं. हे स्वस्त असतं, प्रथिन म्हणून वापरतात.

• पेशीभित्तिका: नुसती करवंटी, दळून. पाकिटावर 'एमओएस' किंवा 'यीस्ट सेल वॉल' लिहिलेलं असतं.

• शुद्ध केलेलं बीटा-ग्लुकन: करवंटीतून वेगळा काढलेला एकच घटक. सर्वात महाग, आणि मात्राही सर्वात कमी लागते.

• यीस्ट एक्स्ट्रॅक्ट: नुसता गर. चव, न्यूक्लिओटाइड आणि पचायला सोपी प्रथिनं यांसाठी.

गडबड इथे होते. समजा, प्रयोग झाला बीटा-ग्लुकनवर आणि दुकानात मिळालं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. म्हणजे करवंटीचे गुण सांगून खोबरं विकलं. एक्स्ट्रॅक्टमध्ये बीटा-ग्लुकन जवळपास नसतंच, कारण करवंटी आधीच बाजूला काढलेली असते. उलट, करवंटीच्या पावडरीकडून प्रथिनाची अपेक्षा ठेवली तर तीही फुकट.

माशाच्या पोटात होतं काय?

माशाच्या शरीरासाठी बीटा-ग्लुकन ही खुणेची वस्तू आहे. रोग करणाऱ्या बुरशींच्या भित्तिकेतही ते असतं. त्यामुळे आतड्यातल्या पहारेकरी पेशींना ते दिसलं की त्या सावध होतात. शत्रू आलेला नाही, पण त्याच्या गणवेशाचा तुकडा सापडलाय, अशी अवस्था. जंतू गिळणाऱ्या पेशींची हालचाल वाढते, जंतुनाशक विकरं जास्त स्रवतात. ही झाली जन्मजात प्रतिकारशक्ती. ती लसीसारखी एका ठराविक रोगाला ओळखत नाही, सरसकट सावध राहते.

कोळंबीसाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची. कोळंबीत आपल्यासारख्या किंवा माशासारख्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी नसतात. म्हणून मासे टोचून जशी लस देता येते तशी नेहमीची लस कोळंबीला देता येत नाही. तिच्याकडे आहे ती जन्मजात यंत्रणाच. तिच्या रक्तद्रवात बीटा-ग्लुकनला पकडणारं एक प्रथिन असतं. ते पकडलं गेलं की विकरांची एक साखळी सुरू होते आणि शेवटी मेलॅनिन तयार होऊन जंतूभोवती काळं कवच बसतं. बीटा-ग्लुकन कोळंबीवाल्यांमध्ये लोकप्रिय का, याचं शास्त्रीय कारण हे.

मॅननचं काम वेगळं. काही जिवाणू आतड्याच्या भिंतीला चिकटण्यासाठी मॅनोज साखरेला पकडतात. मॅनन समोर आलं की ते भिंतीऐवजी मॅननला चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर जातात. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या काही जातींबाबत हे चांगलं दिसलंय. माशांच्या रोगांत मुख्य खलनायक मात्र एरोमोनास आणि व्हिब्रिओ. त्यांच्याबाबत 'चिकटून बाहेर' एवढी सरळ गोष्ट नाही. तिथे फायदा दिसतो तो आतड्याचं अस्तर सुधारल्यामुळे, असं मानायला जास्त जागा आहे.

न्यूक्लिओटाइडचा उपयोग झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि प्रतिकारपेशींना. लहान बोटुकलीत आणि ताणाखाली असलेल्या माशात याचा अर्थ जास्त.

प्रयोग काय सांगतात?

सुरुवातीचा गाजलेला प्रयोग नॉर्वेतला, १९९० चा. यीस्टच्या भित्तिकेतून काढलेलं ग्लुकन सॅल्मन माशांना दिल्यावर व्हिब्रिओसह काही जिवाणूंपासून त्यांचं संरक्षण झालं. पण एक बारकावा लक्षात ठेवा. ते ग्लुकन टोचून दिलं होतं, खाद्यातून नाही. पोटात टोचलेली गोष्ट आणि खाद्यात मिसळलेली गोष्ट सारखीच वागेल असं नसतं.

आपल्या कामाचा प्रयोग भारतातला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोहूच्या बोटुकलींना ५६ दिवस खाद्यातून बीटा-ग्लुकन दिलं. एक किलो खाद्याला शून्य, १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅम अशा मात्रा होत्या. वाढ, प्रतिकारशक्ती आणि जगण्याचं प्रमाण, तिन्हींत उजवी ठरली ती २५० ची मात्रा. ५०० ची नाही. "दुप्पट टाका, दुप्पट फायदा" म्हणणाऱ्याला हे एक वाक्य पुरेसं आहे.

इजिप्तमध्ये २००८ च्या अभ्यासात तिलापियाच्या पिल्लांना बेकरीचंच यीस्ट दिलं. किलोला एक ग्रॅम ही मात्रा पुरेशी ठरली. नंतर एरोमोनासचा संसर्ग घडवला तेव्हा यीस्ट खाल्लेल्या माशांत मरतुक कमी होती. त्याआधी २००३ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी तिलापियावर यीस्ट आणि दोन प्रकारचे उपयुक्त जिवाणू यांची तुलना केली होती. यीस्ट पुढे निघालं. महत्त्वाचं म्हणजे ते प्रयोग दाटीवाटी आणि कमी प्रथिनाचं खाद्य अशा ताणाच्या परिस्थितीत केले होते.

या सगळ्यातून मला एक सूत्र दिसतं. मासा अडचणीत असेल, म्हणजे दाटी जास्त, खाद्य हलकं, पिल्लं लहान किंवा रोगाचा दाब असेल, तिथे यीस्टचा फरक दिसतो. पाणी चांगलं, खाद्य चांगलं आणि मासा निवांत असेल तर फरक बारीक होत जातो, कधी शून्यही. ज्याच्या घरात गळतीच नाही त्याला छत्रीचा काय उपयोग!

जिथे यीस्ट हरतं

एक: उष्णता. तरंगणारं खाद्य एक्स्ट्रूडर यंत्रात १०० अंशांच्या वरच्या तापमानाला बनतं. बेकरी यीस्टच्या पेशी साठ अंशांच्या आसपासच मरतात. त्यामुळे कारखान्यातच मिसळलेलं 'जिवंत यीस्ट' पोत्यात जिवंत असण्याची शक्यता फार कमी. जिवंत हवं असेल तर खाद्य गार झाल्यावर तेलात किंवा चिकट द्रावणात कालवून वरून लावावं लागतं. करवंटीचे घटक मात्र उष्णता बऱ्यापैकी सोसतात.

दोन: सततचा मारा. पहारेकऱ्याला रोजच भोंगा वाजवून उठवलं तर तो एक दिवस उठणार नाही. जास्त मात्रा, फार दिवस दिली की प्रतिकारशक्तीचा परिणाम ओसरतो, कधी उलटाही होतो. म्हणून काही आठवडे द्यायचं आणि काही आठवडे थांबायचं, किंवा बीज सोडणं, हवामान बदलणं अशा ताणाच्या काळाआधी द्यायचं, ही पद्धत जास्त शहाणपणाची.

तीन: रोग लागल्यावर. यीस्ट औषध नाही. कोळंबीतला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा वाढ खुंटवणारा ईएचपी हा सूक्ष्मजीव एकदा तलावात घुसला की यीस्टची पोती ओतून तो जात नाही. ईएचपीचा बंदोबस्त तपासलेल्या बीजापासून आणि तळ कोरडा करून, चुना टाकून होतो. तिथे खर्च करायचे पैसे पावडरीवर गेले तर दुहेरी नुकसान.

चार: पाणी. विरघळलेला प्राणवायू पहाटे तळाला जात असेल तर आधी एरेटर. त्याला पर्याय नाही.

आता हिशेब

समजायला सोपे म्हणून गोल आकडे धरू. पाच टन माशाचं उत्पादन, आणि एक किलो मासा वाढवायला १.६ किलो खाद्य. म्हणजे आठ टन खाद्य. किलोला ४० रुपये धरले तर ३ लाख २० हजार रुपये.

आता पावडर घाला. टनाला दोन किलो, किलोचा भाव ४०० रुपये. टनामागे ८०० रुपये, एकूण ६,४०० रुपये. हा खर्च भरून यायला १.६ चा आकडा फक्त १.५७ वर यायला हवा. ऐकायला किती सोपं! इथेच खरी मेख आहे. एवढा बारीक फरक तुमच्या तळ्यात मोजताच येत नाही. फेकजाळं टाकून पंधरा-वीस मासे तोलले तर वजनाचा अंदाजच याहून जास्त चुकतो. म्हणजे पावडरीने काम केलं तरी कळणार नाही आणि नाही केलं तरी कळणार नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, मासा वाढला, की श्रेय पावडरीला. वाढला नाही तर "मात्रा कमी पडली". स्वस्त पूरकांचा धंदा या धुक्यात चालतो.

महाग वस्तू घेतली, टनाला पाच किलो आणि किलोला ६०० रुपये, तर एकूण २४,००० रुपये जातात. ते भरून यायला आकडा १.४९ च्या आसपास यायला हवा, म्हणजे सात टक्के सुधारणा. रोहू-कटलाच्या साध्या तळ्यात ही अपेक्षा मला जड वाटते. कोळंबीचं गणित वेगळं आहे, कारण तिथे खाद्य याच्या दुपटीहून महाग असतं आणि एका रोगाने अख्खं पीक जातं. तिथे जगण्याचं प्रमाण थोडं जरी सुधारलं तरी खर्च निघतो.

म्हणून शेततळ्यात कमी दाटीने रोहू, कटला, मृगळ सोडले असतील तर माझं मत स्पष्ट आहे. आधी बोटुकली मोठ्या आकाराची घ्या, खाद्य वेळेवर आणि मोजून द्या, पाणी तपासा. पावडर नंतर. बायोफ्लॉकच्या टाकीत किंवा धरणातल्या पिंजऱ्यांत दाटीने मासे असतील, किंवा बोटुकली वाढवण्याचाच व्यवसाय असेल, तर यीस्टचा विचार करण्यासारखा आहे.

गूळ, भाताचा कोंडा आणि यीस्ट रात्रभर आंबवून तलावात सोडायची पद्धत आंध्रच्या कोळंबीवाल्यांमध्ये आहे, आता आपल्याकडेही बायोफ्लॉकवाले करतात. ती वेगळी गोष्ट. त्यात मुख्य काम होतं पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना खाद्य मिळण्याचं. उपयोग आहे, पण प्रमाण चुकलं तर तेच सूक्ष्मजीव पहाटे प्राणवायू खाऊन टाकतात.

मोठी गोष्ट चिमूटभर पावडरीची नाही

आत्तापर्यंत बोललो ते किलोला ग्रॅमभर यीस्टबद्दल. मला जास्त रस वाटतो तो दुसऱ्या टोकात: यीस्ट हेच खाद्याचं प्रथिन म्हणून.

कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने जनावरांना मळीवर वाढवलेलं यीस्ट खाऊ घातलं होतं. १९६०-७० च्या दशकांत ब्रिटिश पेट्रोलियमने तर खनिज तेलाच्या घटकांवर यीस्ट वाढवून 'टोप्रिना' नावाचं खाद्य बनवलं. तेलाचे भाव आणि सुरक्षिततेच्या शंका यांत तो प्रकल्प बुडाला.

आज परिस्थिती बदललीय. वाळवलेल्या यीस्टमध्ये साधारण ४० ते ५५ टक्के प्रथिन असतं, सोया पेंडीच्या आसपास. लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी, ते वरून घालावं लागतं. न्यूक्लिक आम्लं जास्त असल्यामुळे माणसाला रोज खूप यीस्ट खाणं झेपत नाही, यूरिक आम्ल वाढतं. माशाच्या यकृतात ते पुढे मोडणारं विकर असतं, त्यामुळे त्याला हा त्रास आपल्याइतका नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सॅल्मनच्या खाद्यात फिशमीलमधल्या ४० टक्के प्रथिनाची जागा तीन जातींच्या यीस्टना देऊन पाहिली. कँडिडा युटिलिस आणि क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस चालल्या. आपली बेकरीची जात मागे पडली, कारण तिची करवंटी नीट फुटत नाही आणि आतला गर पचत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट दिसली. सॅल्मनला २० टक्के सोया पेंड दिली की त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. सोबत कँडिडा युटिलिस दिलं तर ती सूज आली नाही. म्हणजे यीस्ट नुसतं प्रथिन देत नाही, वनस्पतीजन्य खाद्य पचवायलाही हात देतं.

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. यीस्टला लागते साखर, आणि आपल्याकडे मळी आहे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये किण्वनानंतर यीस्टचा गाळ उरतो. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं, आणि त्यातला मोठा वाटा आता मका-तांदळाच्या इथेनॉलचा आहे. धान्याच्या इथेनॉलनंतर उरतो तो चोथा, डीडीजीएस. त्यात धान्याचं प्रथिन आणि मेलेल्या यीस्टच्या पेशी दोन्ही असतात. हा चोथा पशुखाद्यात इतक्या स्वस्तात आला की सोया पेंडीची मागणी दबली. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्यांना सोयाबीन त्याखाली विकावं लागलं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

म्हणजे एका तांत्रिक बदलाचे दोन चेहरे आहेत. मत्स्यपालकाला स्वस्त प्रथिन, सोयाबीनवाल्याला पडलेला भाव. अनेकदा हे दोघं एकाच घरात राहतात.

चोथ्याबाबत एक सावधगिरी. धान्यातला स्टार्च निघून गेला की बाकी सगळं सुमारे तिप्पट दाट होतं, बुरशीचं विषसुद्धा. भिजलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर चोथ्यात ते तिपटीने येतं. यीस्टची करवंटी काही बुरशीविषांना धरून ठेवते खरी, पण अफ्लाटॉक्सिनवर तिची पकड कमकुवत आहे. तपासणी अहवालाशिवाय चोथा घेऊ नये.

नियमात राहिलेली फट

किनारी मत्स्यपालनात वापरल्या जाणाऱ्या पूरकांची तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंद होते. तिचा मुख्य रोख 'यात बंदी असलेली प्रतिजैविकं नाहीत ना' यावर आहे. ते गरजेचंच आहे. पण वस्तू निरुपद्रवी असणं आणि उपयोगी असणं यांत फरक आहे. नोंदणी क्रमांक दाखवून "सरकारमान्य, वाढ हमखास" म्हणणारा विक्रेता हा फरक पुसून टाकतो. आणि गोड्या पाण्यातल्या शेततळ्याला तर हे किनारी चौकटीतलं संरक्षणही मिळत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चर्चा झाली ती वीजदर आणि कर्जाची. शेतीचा दर्जा द्यायचा तर खताच्या पोत्यावर जसं नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण छापावं लागतं, तसं यीस्टच्या पाकिटावर बीटा-ग्लुकन, मॅनन आणि जिवंत पेशींचं प्रमाण छापणं सक्तीचं का नसावं? हे काम अवघड नाही. मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि राज्यातली मत्स्य महाविद्यालयं खुल्या तळ्यांवर चाचण्या घेऊन निकाल मराठीत देऊ शकतात. काचेच्या टाकीतला ५६ दिवसांचा निकाल आणि लातूरच्या शेततळ्यातला दहा महिन्यांचा निकाल यांतलं अंतर कोणीतरी मोजायला हवं.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

१. पाकिटात पाचांपैकी कोणती वस्तू आहे? 'यीस्ट बेस्ड' हे उत्तर नाही.

२. बीटा-ग्लुकन किती टक्के? २५ टक्के असेल तर रोहूच्या प्रयोगातल्या २५० मिलिग्रॅमसाठी किलोला एक ग्रॅम, म्हणजे टनाला एक किलो लागेल. विक्रेता याच्या पाचपट सांगत असेल तर का, ते विचारा.

३. जिवंत यीस्ट असेल तर ग्रॅमला किती पेशी, मुदत कधीपर्यंत, आणि उन्हाळ्यात दुकानात ते कुठे ठेवलं होतं?

४. किती दिवस द्यायचं आणि कधी थांबायचं? "कायम द्या" म्हणणारा माल विकतोय, सल्ला देत नाही.

५. प्रतिजैविकमुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्याच बॅचचा आहे का? निर्यातीची कोळंबी असेल तर हा प्रश्न पहिला. काही 'नैसर्गिक' पावडरींचा चमत्कार छुप्या औषधाचा असू शकतो, आणि खेप परत आली तर नुकसान तुमचं.

दोन सारखी तळी असतील तर सोपा मार्ग आहे. बीज एकाच खेपेचं, खाद्य तेच, एका तळ्यात यीस्ट आणि दुसऱ्यात नाही. शेवटी सगळा मासा काढून तोला, खाद्याची पोती मोजा. एका हंगामाने सिद्ध काही होत नाही, पण दोन-तीन हंगाम तोच कल दिसला तर तो आकडा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तुमच्या जास्त कामाचा. गावातल्या चार जणांनी मिळून केलं तर आणखी उत्तम.

पुढच्या काळात मी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणार आहे. युरोपच्या नव्या नियमानंतर भारतीय कोळंबीच्या किती खेपा अडतात ही एक. आणि आसवन्यांचा यीस्टचा गाळ पचण्याजोगं प्रथिन बनून बाजारात येतो की सांडपाण्यातच जातो, ही दुसरी. पहिलीवर आंध्रचं पोट अवलंबून आहे. दुसरी महाराष्ट्राच्या हातातली आहे. चिमूटभर पावडरीने रोहू दोन टक्के जास्त वाढेल की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा, त्या गाळातली करवंटी स्वस्तात कशी फोडायची हा प्रश्न सोडवला तर फायदा कितीतरी मोठा आहे.